लक्ष्मीबाई टिळक : संसाराची अक्षरगाथा

प्रस्तावना

बहुतेक घरांत एक आजी असते. सर्वांच्या आधी ती उठते आणि सर्वांच्या नंतर झोपते. कोणाला काय आवडते, कोणाचे काय दुखते, कोणाचे कोणाशी बिनसले आहे हे सारे तिला ठाऊक असते. तिच्या निधनानंतर काही वर्षे तिच्या आठवणी निघतात. पुढे त्या आठवणी सांगणारी माणसेही जातात आणि एक संपूर्ण आयुष्य विस्मृतीत जाते, कारण ते कोणी लिहून ठेवलेले नसते.

मराठी साहित्यात मात्र एका पत्नीने, आईने आणि आजीने आपल्या संसाराची हकिकत स्वतःच लिहून ठेवली. त्या लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांचे पुस्तक म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण मिळालेले नव्हते. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. असे असूनही त्यांचे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांमध्ये गणले जाते. या पाठात आपण त्यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –

• लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनातील महत्त्वाच्या घटना क्रमाने सांगू शकाल;
• एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील स्त्रीजीवनाची माहिती देऊ शकाल;
• निष्ठा आणि आज्ञाधारकपणा यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करू शकाल;
• आत्मचरित्र या साहित्यप्रकाराची वैशिष्ट्ये लिहू शकाल;
• द्वंद्व समासाचे प्रकार ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. सोवळ्याच्या घरातील बालपण

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या गावी झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घरात त्यांना मनू म्हणत. त्यांच्या जन्माआधी सुमारे दहा वर्षांपूर्वी या कुटुंबावर मोठा आघात झाला होता. १८५७ च्या उठावात मनूच्या आईच्या वडिलांना फाशी देण्यात आले. या घटनेचा मनूच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला आणि त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू त्यांना विटाळलेली वाटू लागली. बाजारातून आणलेले धान्यच काय, पण मीठ आणि साखरही धुऊन घेतल्याशिवाय घरात येत नसे.

मीठ आणि साखर धुतल्यावर हाती किती उरत असेल, याची कल्पना कोणत्याही गृहिणीला करता येईल. या वेडापायी घरातील बायकामुलांचे अतोनात हाल झाले. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सारे लिहिले. पण त्या लेखनात वडिलांविषयी कडवटपणा नाही. दुःखाच्या प्रसंगातही हसण्याजोगे काय होते, ते त्यांना अचूक दिसते. सोवळ्या-ओवळ्याचा हा पगडा मात्र त्यांच्या मनावर खोलवर बसला आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी त्यांना अर्धे आयुष्य खर्ची घालावे लागले. म्हणूनच या बालपणाची दखल आरंभीच घ्यावी लागते.

२. अकराव्या वर्षी संसार

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि मनूची लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ मधला. म्हणजे ते पत्नीहून सुमारे सात वर्षांनी मोठे होते. सासूबाई हयात नव्हत्या आणि सासरे अत्यंत कडक स्वभावाचे होते. माहेरी सोवळ्याचा जाच होता, तर सासरी शीघ्रकोपाचा.

टिळक हे बुद्धिमान, संस्कृतचे जाणकार आणि जातिवंत कवी होते. पुढे ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून त्यांची ख्याती झाली. पण संसारी माणसाला लागणारा एकही गुण त्यांच्या अंगी नव्हता. ते एका गावी फार काळ टिकत नसत. केव्हा नोकरी सोडतील, केव्हा न सांगता घराबाहेर पडतील, याचा नेम नसे. हाती पैसा आला आणि वाटेत कोणी गरजू भेटला, तर तो पैसा घरापर्यंत पोहोचेलच अशी खात्री नसे. राग आला तर अनावर आणि प्रेम आले तर तेही अनावर. अशा माणसाच्या घरात खर्चाची तोंडमिळवणी करण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे आले.

याच माणसाने त्यांना अक्षरज्ञानही दिले. पत्नीने लिहावे, वाचावे, स्वतः विचार करावा, अशी टिळकांची इच्छा होती. त्या काळी अनेक घरांत मुलीच्या हाती पुस्तक दिसणेही अशुभ मानले जाई. म्हणून टिळकांच्या या प्रयत्नाचे मोल मोठे आहे. शिकवणी सुरळीत चालली असे नव्हे. शिक्षक उतावळा होता आणि विद्यार्थिनीला घरची शंभर कामे होती. तरीही लक्ष्मीबाई चिकाटीने वाचायला आणि लिहायला शिकल्या. पुढे त्या कविताही करू लागल्या.

या वर्षांत त्यांची आधीची अपत्ये लहानपणीच दगावली. नंतर झालेला मुलगा देवदत्त, म्हणजे घरातला दत्तू, तेवढा वाचला. त्यामुळे त्यांचा सारा जीव या मुलात गुंतलेला होता.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव __________ होते.
२. टिळक हे __________ कवी म्हणून ओळखले जातात.

(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. लक्ष्मीबाई लग्नापूर्वी शाळेत शिकल्या होत्या.
२. १८५७ च्या उठावात लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली.

३. वियोगाची वर्षे

टिळक काही काळ नागपूरला होते. तेथून ते आज छत्तीसगडमध्ये असलेल्या राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले. त्या आगगाडीच्या प्रवासात अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. वॉर्ड यांनी त्यांना बायबल दिले आणि वाचण्याचा आग्रह केला. टिळकांनी ते वाचायला घेतले आणि त्यांच्या मनात खळबळ सुरू झाली. जातिभेद मानणाऱ्या समाजाला एकत्र बांधील असा धर्म ते आधीपासूनच शोधत होते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. त्या काळी धर्मांतर केलेल्या माणसाशी नातलग आणि जातभाई सारे संबंध तोडत. त्याच्या हातचे पाणीही घेत नसत. अशा माणसाच्या पत्नीपुढे दोनच वाटा उरत. एक तर पतीचा त्याग करावा, नाही तर आपला धर्म, माहेर आणि समाज यांचा त्याग करावा. लक्ष्मीबाईंचे पती हयात होते, पण संसार मोडला होता. पदरी लहान मूल होते आणि स्वतःची कमाई नव्हती. नातलगांनी आधार दिला. काही काळ त्या बहिणीच्या आश्रयाने पंढरपूरला राहिल्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लक्ष्मीबाई टिळकांवर रागावल्या, रडल्या, आजारी पडल्या. परंतु त्यांच्याविषयीचे प्रेम त्यांनी मनातून पुसून टाकले नाही. त्याचबरोबर केवळ प्रेमापोटी त्या लगेच धर्मांतरालाही तयार झाल्या नाहीत. टिळकांनीही सक्ती केली नाही. पत्रे येत-जात राहिली. पत्नी आणि मुलगा यांच्या वियोगाचे दुःख टिळकांच्या कवितेत उतरले. ‘माझी भार्या’ आणि ‘बापाचे अश्रू’ या त्यांच्या कवितांची नावेच पुरेशी बोलकी आहेत.

४. स्वतःचा निर्णय

काही वर्षांनंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला टिळकांकडे गेल्या. (या शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे झाले.) जाताना त्यांनी धर्म सोडला नव्हता. सोवळे पाळून त्यांनी आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवले. पती ख्रिस्ती, पत्नी हिंदू आणि दोघांमध्ये सोवळ्याची रेघ, असा तो संसार होता. टिळकांनी ती रेघ मान्य केली. पत्नीचे मन वळवण्यापेक्षा तिच्या मनाला वेळ देणे त्यांनी पसंत केले.

नगर आणि राहुरी येथील वास्तव्यात लक्ष्मीबाई भोवतालच्या माणसांकडे पाहत होत्या. निरनिराळ्या जातींतून आलेली माणसे एकमेकांच्या सुखदुःखात सहभागी होत होती. जातीचा उच्चनीचपणा देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला. तो माणसानेच निर्माण केला आहे, अशी खात्री पटताच त्यांनी जातीची बंधने झुगारून दिली. ज्या घरात साखर धुतली जात होती, त्या घरातील मुलगी आता कोणाच्याही हातचे पाणी निःसंकोचपणे पिऊ लागली. हा बदल बोलण्यात सोपा आहे. पण बालपणापासून रक्तात भिनलेली भीती घालवणे किती कठीण असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा बाप्तिस्मा आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा यांत पाच वर्षांचे अंतर आहे. त्यांच्या जीवनाचे मर्म या पाच वर्षांत आहे. नवऱ्यामागोमाग निमूटपणे जाणारी पत्नी त्याच दिवशी गेली असती. नवऱ्यावर प्रेम नसलेली पत्नी कधीच गेली नसती. लक्ष्मीबाई गेल्या, पण स्वतःची बुद्धी आणि स्वतःचे मन यांची साक्ष घेऊन गेल्या. या निर्णयाशी कोणी सहमत होवो वा न होवो, तो त्यांचा स्वतःचा होता, हे नाकारता येत नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. टिळकांना बायबल कोठे मिळाले?
(क) पंढरपूरला (ख) आगगाडीच्या प्रवासात (ग) राहुरीला
२. वियोगाच्या काळात लक्ष्मीबाई काही काळ कोठे राहिल्या?
(क) पंढरपूरला (ख) राजनांदगावला (ग) साताऱ्याला

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा कधी घेतली?

५. मोठ्या कुटुंबाची आई

पुढील काळात टिळकांचे घर म्हणजे एक धर्मशाळाच झाली. दुष्काळात पोरकी झालेली मुले, शिक्षणासाठी धडपडणारे विद्यार्थी, कवी, साधक अशी नाना प्रकारची माणसे तेथे येत आणि राहत. माणसे घरी आणण्याचा उत्साह टिळकांचा. त्यांना जेवू घालण्याची जबाबदारी लक्ष्मीबाईंची. डब्यात पीठ किती आहे याचा विचार न करता टिळक पाहुण्याला बोलावत आणि लक्ष्मीबाई पदरमोड करून वेळ निभावून नेत.

देवदत्त हा त्यांचा मुलगा आणि तारा ही मानलेली मुलगी. याशिवाय कितीतरी मुलांना त्यांनी पोटाशी धरले. ‘बालकवी’ म्हणून प्रसिद्ध असलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्यांपैकी एक. कोवळ्या वयातील हा हळवा कवी नगरला टिळकांच्या घरी राहत असे. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईसारखी माया केली. त्याचे रुसणे, हट्ट करणे, घाबरणे हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त जिव्हाळ्याने रंगवले आहे. ५ मे १९१८ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, खानदेशातील भादली येथे रेल्वे अपघातात बालकवींचा मृत्यू झाला. आधीच मुलांच्या मृत्यूचे दुःख सोसलेल्या या माउलीला तो घाव पुन्हा एकदा बसला.

त्यांचे मातृत्व घराच्या उंबऱ्यात अडकून राहिले नाही. प्लेगच्या साथीत लोक जवळच्या नातलगांनाही टाकून पळत होते, तेव्हा लक्ष्मीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा केली. लहानपणी वस्तूच्या स्पर्शालाही भिणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या, हे आठवले म्हणजे या सेवेचे महत्त्व अधिक जाणवते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हे नवे कार्य आरंभले. निश्चित उत्पन्न बंद झाले आणि लक्ष्मीबाईंनी पुन्हा एकदा शून्यातून संसार मांडला. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. सुमारे चाळीस वर्षांची सोबत संपली.

६. लेखिका आणि आजी

टिळकांच्या मृत्यूसमयी लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. त्या वयात बहुतेक स्त्रिया आपले आयुष्य संपले असे मानत. लक्ष्मीबाईंनी तसे मानले नाही. काही काळ त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली. त्याहून मोठे काम त्यांनी लेखणीने केले.

टिळकांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले होते. सुमारे दहा अध्याय झाल्यावर ते अपुरे राहिले. ते पूर्ण करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले आणि त्यात ६४ अध्यायांची भर घातली. ज्या पतीने बोट धरून अक्षरे गिरवायला शिकवली, त्याचे महाकाव्य पत्नीने तडीस नेले. शिष्येने गुरूला दिलेली याहून मोठी दक्षिणा कोणती?

‘स्मृतिचित्रे’चा जन्म मुलाच्या हट्टातून झाला. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईला तिच्या आठवणी लिहून काढण्यास सांगितले. लक्ष्मीबाई लिहीत गेल्या आणि टिळकांच्या चरित्राचे साधन म्हणून सुरू झालेले लेखन त्यांचे स्वतःचे आत्मचरित्र होऊन बसले. १९३४ ते १९३७ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. पहिला भाग निघाला तेव्हा लेखिका ६६ वर्षांची होती. अखेरच्या वर्षांत त्या मुलाच्या घरी, नातवंडांच्या सहवासात होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटचा भाग त्यांच्या पश्चात वाचकांच्या हाती आला.

आजीचे हे धन पुढच्या पिढीनेही जपले. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ संपादित करून त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. पतीने अक्षर दिले, पुत्राने लिहिते केले आणि नातवाने लिहिलेले सांभाळले. लक्ष्मीबाईंनी तीन पिढ्यांना जे दिले होते, ते अशा रीतीने त्यांच्याकडे परत आले.

पाठगत प्रश्न ३

(अ) जोड्या जुळवा.

‘अ’ गट
१. बालकवी
२. ‘देवाचा दरबार’
३. ‘ख्रिस्तायन’
४. अशोक देवदत्त टिळक

‘ब’ गट
(क) ‘स्मृतिचित्रे’चे संपादन
(ख) त्र्यंबक बापूजी ठोमरे
(ग) सातारा
(घ) ६४ अध्यायांची भर

समजून घेऊ या

आत्मचरित्र म्हणजे लेखकाने स्वतः लिहिलेली स्वतःच्या जीवनाची कहाणी. चरित्र दुसऱ्याने लिहिलेले असते. आत्मचरित्रात प्रांजळपणा सर्वांत महत्त्वाचा असतो. मराठीत स्त्रियांच्या आत्मचरित्रांची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी स्त्रिया आत्मचरित्र लिहीत ते बहुधा पतीच्या आठवणी सांगण्यासाठी. लक्ष्मीबाईंचाही आरंभीचा हेतू तोच होता. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांच्या बरोबरीने लक्ष्मीबाईही आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात.

याचे कारण त्यांच्या लेखनशैलीत आहे. आजीने नातवंडांना जवळ बसवून गोष्ट सांगावी, तशी ही भाषा आहे. वाक्ये लहान आहेत आणि शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. पांडित्याचा आव कोठेही नाही. टिळकांचा संताप, हट्टीपणा आणि व्यवहारशून्यता त्या झाकून ठेवत नाहीत. त्याचबरोबर त्यांचे औदार्य आणि निर्मळ मनही तितक्याच मोकळेपणाने सांगतात. स्वतःचे भित्रेपण आणि अज्ञान यांवर त्या स्वतःच हसतात. दोष सांगूनही प्रेम कमी होत नाही आणि प्रेम असूनही दोष लपवले जात नाहीत. या समतोलामुळे ‘स्मृतिचित्रे’ विश्वसनीय वाटते.

निष्ठावान पत्नी म्हटले की पतीचा शब्द खाली न पडू देणारी स्त्री आपल्यासमोर येते. लक्ष्मीबाईंचे जीवन या कल्पनेला धक्का देते. त्या टिळकांशी भांडल्या, त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि एकाच घरात वेगळी चूल मांडून राहिल्या. तरीही टिळकांचे अपुरे काव्य पुरे करणाऱ्या आणि टिळकांना मराठी वाचकांच्या मनात जिवंत ठेवणाऱ्या त्याच होत्या. आज्ञाधारकपणा दुसऱ्याच्या इच्छेवर चालतो. निष्ठेला स्वतःचे मन लागते.

‘स्मृतिचित्रे’चे इंग्रजीत एकाहून अधिक अनुवाद झाले. जोसेफिन इंकस्टर यांचा अनुवाद १९५० मध्ये, तर शांता गोखले यांचा अनुवाद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विजया मेहता यांनी १९८२ मध्ये या पुस्तकावर चित्रपट केला; त्यात लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशी यांनी केली. शाळा न पाहिलेल्या एका स्त्रीचे शब्द अशा प्रकारे मराठीच्या सीमेपलीकडे पोहोचले. शिकण्याला वयाची अट नसते, हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले.

शब्दार्थ

सोवळे – धार्मिक शुचिता. स्पर्शास्पर्शाचे नियम पाळणे
विटाळलेली – अपवित्र मानलेली
पगडा – प्रभाव
शीघ्रकोप – चटकन येणारा राग
दगावणे – मृत्यू पावणे
बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्माची दीक्षा देण्याचा विधी
शुश्रूषा – रुग्णसेवा
प्रांजळपणा – मनाचा खरेपणा
पश्चात – मागे, मृत्यूनंतर

वाक्प्रचार

आकाश कोसळणे – मोठे संकट येणे
तोंडमिळवणी करणे – जमा आणि खर्च यांचा मेळ बसवणे
पदरमोड करणे – स्वतःजवळचे खर्च करून निभावणे
पोटाशी धरणे – मायेने जवळ करणे
तडीस नेणे – पूर्ण करणे

भाषाभ्यास : द्वंद्व समास

ज्या समासातील दोन्ही पदे अर्थाच्या दृष्टीने सारखीच महत्त्वाची असतात, त्यास द्वंद्व समास म्हणतात. त्याचे तीन प्रकार आहेत.

१. इतरेतर द्वंद्व : विग्रह करताना ‘आणि’ किंवा ‘व’ हा शब्द येतो. उदा. पतिपत्नी – पती आणि पत्नी.
२. वैकल्पिक द्वंद्व : विग्रह करताना ‘किंवा’ हा शब्द येतो. उदा. बरेवाईट – बरे किंवा वाईट.
३. समाहार द्वंद्व : दोन पदांबरोबर त्या प्रकारच्या इतर गोष्टींचाही समावेश होतो. उदा. मीठभाकर – मीठ, भाकर आणि तत्सम साधे अन्न.

आपण काय शिकलो?

• लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) लग्नानंतर अक्षर शिकल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ हे श्रेष्ठ आत्मचरित्र त्यांनी लिहिले.
• पतीच्या धर्मांतरानंतर त्यांनी पाच वर्षे विचार करून स्वतःचा निर्णय घेतला.
• स्वतःच्या मुलांबरोबर त्यांनी अनेक पोरक्या व परक्या मुलांना माया दिली.
• निष्ठा आणि स्वतंत्र विचार या गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यांच्या जीवनातून दिसते.

स्वाध्याय

१. लक्ष्मीबाईंच्या बालपणावर सोवळ्याचा झालेला परिणाम तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘त्यांच्या जीवनाचे मर्म या पाच वर्षांत आहे’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. ‘स्मृतिचित्रे’ची भाषाशैली आठ ते दहा ओळींत सांगा.
४. टिळकांच्या स्वभावातील गुण आणि दोष यांचे दोन स्तंभ करून टिपणे काढा.
५. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करून समासाचा प्रकार ओळखा : आईवडील, खरेखोटे, सुखदुःख, भाजीपाला.
६. ‘पदरमोड करणे’ आणि ‘तडीस नेणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
७. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध स्त्रीला तिच्या लहानपणाविषयी, लग्नाविषयी आणि संसाराविषयी विचारा. तिने सांगितलेला एक प्रसंग तिच्याच बोलीत लिहून काढा आणि तिला वाचून दाखवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (अ) १. मनकर्णिका गोखले २. फुलामुलांचे. (आ) १. चूक २. बरोबर.

पाठगत प्रश्न २ : (अ) १. (ख) आगगाडीच्या प्रवासात २. (क) पंढरपूरला. (आ) १. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

पाठगत प्रश्न ३ : १–(ख), २–(ग), ३–(घ), ४–(क).